सगळे म्हणतील तसं

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून या घरातले सगळे मोठे निर्णय रविवारी होतात. आणि ते जेवणानंतर होतात, म्हणून त्यातले निम्मे चुकतात. त्या रविवारी ठरवायचं होतं ते वरवर एवढंसंच होतं. धाकट्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात, चष्म्यांसाठी एक गाळा मिळत होता. तो तिकडे गेला, तर खाली दुकानाच्या काउंटरवर बसायचं कुणी?

खरं तर तेही ठरल्यातच जमा होतं. थोरला मागच्या खोलीत भिंगं घासतो. गिऱ्हाईक समोर आलं की त्याला घाम फुटतो. त्याची भावजय, धाकटी सून, फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या माना सरळ करताना तिला स्वतःची मान वर करायला सवड नसते. चिमणी, म्हणजे थोरल्याची मुलगी, बापापेक्षा उंच झाली तरी अजून चिमणीच, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. आजींनी आता आराम करायचा, हे तर आजोबा गेले तेव्हाच सर्वानुमते ठरलेलं. राहता राहिली थोरली सून. ती काय, 'नुसती शिकत' होती.

हे नुसतं शिकणं म्हणजे समाजशास्त्राचं एम. ए. लग्नाच्या वेळी अर्ध्यावर सुटलेलं, चिमणी विद्यापीठात गेली तेव्हा पुन्हा धरलेलं. मायलेकी एकाच बसने जात आणि उतरल्या की चिमणी भराभर पुढे निघून जाई. कँटीनमध्ये आई दिसलीच, तर मैत्रिणींना सांगे, "ओळखीच्या आहेत आमच्या." थोरलीला त्याचं काही वाटत नसे. तिला काळजी होती ती एकाच गोष्टीची. समाजशास्त्रीय सिद्धान्तांच्या पेपरात ती मागच्या वर्षी नापास झाली होती. बाकीचे सगळे निघाले, हा एक मानगुटीवर बसून राहिला. आता शेवटचं वर्ष होतं. वर्ग भर दुपारी, आणि दुकानात खरी गर्दी भर दुपारीच. काउंटरवर बसली की शिक्षण संपलं, हे कळायला कुठल्याही सिद्धान्ताची गरज नव्हती.

पण सांगायचं कसं? या घरात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. आजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ एका 'नाही'वरून वेगळे झाले आणि समोरासमोर दोन दुकानं थाटून जन्मभर एकमेकांच्या पाट्या वाचत बसले. तेव्हापासून इथे रीतच पडली. काही ठरवायचं झालं, की जेवणं उरकल्यावर सगळ्यांत लहानापासून विचारत यायचं, "तुझं काय म्हणणं?" आणि ज्याने त्याने उत्तर द्यायचं, "मला काय, सगळे म्हणतील तसं." शेवटी आजी म्हणणार, "मग ठरलं." काय ठरलं, ते सगळ्यांना आधीच कळलेलं असतं. कसं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

आणि अशा घरातल्या बाईला सिद्धान्ताच्या मॅडमनी गृहपाठ दिला होता. मॅडम तिच्याहून चांगल्या दहा-बारा वर्षांनी लहान, हातात कायम पुस्तकांनी फुटायला आलेली पिशवी. त्या म्हणाल्या होत्या, "असा एक नियम शोधा, जो कुणी कधी तोंडाने सांगितलेला नाही पण पाळतात सगळे. तो मोडा. काय होतं ते बघा आणि सोमवारी वर्गात सांगा." वर्गातल्या एका मुलाने लगेच डॉक्टरकडे जाऊन "तुम्ही कसे आहात?" असं विचारलं आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तो उठलाच नाही. डॉक्टरांनी शेवटी पाठदुखीपासून सासऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि फी घेतली नाही. थोरलीने ठरवलं, आपण रविवारी न्याहारीला बसल्यापासून उठेपर्यंत जे कुणी विचारेल त्याला खरं उत्तर द्यायचं. तेवढंच. कप विसळले की प्रयोग संपला.

"चहा जमलाय ना गं?" आजींनी नेहमीप्रमाणे विचारलं. रविवारचा चहा त्या करत. तो त्यांचा मान होता.

"नाही आई," थोरली म्हणाली. "पाणचट झालाय."

धाकट्याचा पाव चहात बुडाला तो बुडालाच. आजींनी स्वतःच्या कपात वाकून पाहिलं. चहा पाणचट होता. तो दर रविवारी पाणचटच होत असे आणि दर रविवारी सगळे त्याला फक्कड म्हणत असत.

"बरं वाटत नाही का तुला?" थोरल्याने तिच्या कपाळाला हात लावला.

"छान वाटतंय. फक्त ते वर्तमानपत्राचं पहिलं पान कधीतरी मला आधी द्या. माझ्या वाट्याला रोज छोट्या जाहिराती येतात."

त्याने मुकाट्याने पान पुढे सरकवलं. वातावरण निवळावं म्हणून धाकट्याने तोंड उघडलं. नको ते नको तिथे विचारायची त्याची जुनी खोड. "वहिनी, हा नवा शर्ट कसा दिसतोय?"

"पोटावर ताणलाय, भावजी."

चिमणीला आईच्या गृहपाठाचं माहीत होतं, म्हणून ती कपाआड तोंड लपवून हसत होती. बाकीच्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मूग गिळून न्याहारी संपवली, थोरलीने कप विसळले आणि प्रयोग संपला. निदान तिच्या लेखी तरी.

स्वयंपाकघरात दोघी जावा बटाटे सोलायला बसल्या तेव्हा धाकटी तिच्याकडे तिरप्या नजरेने बघत होती. ही तिची सख्खी मैत्रीणच म्हणा ना. थोरलीला वर्ग गाठता यावा म्हणून सकाळचा स्वयंपाक तिनेच आपल्या अंगावर घेतला होता. पण आज गाळ्याचा दिवस होता, आणि गाळा व्हावा असं तिला मनातून फार वाटत होतं. नवरा दादाच्या सावलीतून एकदाचा बाहेर पडेल. हे ती अर्थातच कुणाला बोलली नव्हती.

"ताई, आज काही बिनसलंय का?"

"छे गं, काही नाही," थोरली म्हणाली, सवयीने. मग तिलाच ते उत्तर बेचव लागलं.

"तुमच्या त्या सिद्धान्तात असतं तरी काय एवढं?"

हा प्रश्न घरात कुणी पहिल्यांदाच विचारला होता. थोरलीने सुरी खाली ठेवली.

"घर कसं टिकतं, ते असतं. म्हणजे समाज, पण आपण घर धरू. जुन्यांपैकी काही म्हणतात, प्रत्येक जण आपापलं काम करतो म्हणून टिकतं. तुझ्या पेशंटांसारखं. गुडघ्याने गुडघ्याचं करायचं, कमरेने कमरेचं."

"बरोबरच आहे की."

"थांब. दुसरे म्हणतात, असलं काही नाही. किल्ल्या ज्याच्या हातात, त्याचं बाकीच्यांना ऐकावं लागतं. आणि ते ऐकणं आपल्याला गोड लागावं, याचीही सोय आधीच केलेली असते."

धाकटीचा हात थांबला. "किल्ल्या?"

"आणि नंतरचे काही आहेत ना, ते तर म्हणतात, घर नावाचं आयतं काही नसतंच. रोज सकाळी उठून आपणच ते उभं करतो. तू मला ताई म्हणतेस, मी मोठ्या जावेसारखी वागते, की झालं घर तयार! एक दिवस आपण तसं वागलोच नाही, तर?" थोरलीचे डोळे चमकत होते. "बघ ना, किती नाजूक आहे सगळं. मला तर कधी कधी रात्री झोप लागत नाही, इतकं आवडतं हे."

धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. किल्ल्या, आयतं घर, वागलोच नाही तर. तिने हात पुसले, "आलेच हं," म्हणाली आणि थेट खोलीत जाऊन नवऱ्याला गाठलं.

"ताई वेगळं निघायचं म्हणतायत."

"कोण? वहिनी?" धाकटा शर्ट बदलत होता. "काहीतरीच काय!"

"बटाटे सोलता सोलता सांगितलं मला. घर म्हणजे काही नसतंच म्हणाल्या. गाळा दादांना हवा असणार. तुम्ही खाली जाऊन विचारा. मी आईंकडे बघते."

दुकानामागच्या खोलीत थोरला रविवारचाही मशीनपाशी बसला होता. घरात काही शिजायला लागलं की तो खाली येतो आणि एखाद्या भिंगाची कड पुन्हा घासत बसतो. त्याच्या हातच्या काचा इतक्या गुळगुळीत का असतात, याचं गुपित हेच. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्याची लहान होत खाली उतरत गेली होती. धाकटा सगळ्यांत खालच्या ओळीकडे बघत म्हणाला, "दादा, तू वेगळा निघतोयस का?"

"मी? कुठून?"

"घरातून. वहिनी म्हणत होत्या म्हणे."

थोरल्याने मशीन बंद केलं. वेगळं निघायचं तर दोघांनी. मग आपल्याला कसं माहीत नाही? म्हणजे ती एकटी निघाली की काय? सकाळी तिने पहिलं पान मागितलं तेव्हाच त्याला कसंसंच झालं होतं.

"गाळा तुला हवा असेल तर घे बाबा," धाकटा म्हणाला. मनातल्या मनात तो गाळ्याला फळ्यासुद्धा बसवून मोकळा झाला होता.

"मला कशाला? तुला हवाय ना?"

"मला काय, सगळे म्हणतील तसं."

"माझंही तसंच."

दारात एकमेकांना वाट देता देता दोघंही अडकावेत, तसे ते भाऊ बराच वेळ उभे राहिले. मग वरून चिमणीने जेवायला हाक मारली आणि दोघंही सुटले.

वर धाकटीने आजींना गाठलं होतं. आजी खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष अजून चहातच होतं. धाकटीने इकडचं तिकडचं बोलून घेतलं, त्यांचे पाय चेपल्यासारखं केलं, आणि मग हळूच म्हणाली, "ताईंचं आज काही खरं नाही हो आई. दुकानाबद्दल तुम्हीच जरा ठामपणे सांगून टाका."

"पाणचट म्हणाली ती," आजी म्हणाल्या.

"तेच तर!"

"होता का पाणचट?"

धाकटी क्षणभर गडबडली. "नाही हो, छान होता."

आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. त्यांना राग आला होता, हे खरं. पण रागाच्या बुडाशी एक वेगळंच काहीतरी होतं, आणि ते त्यांना सकाळपासून गुदगुल्या करत होतं. आजोबा गेल्यापासून सगळे त्यांच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आणि गोड बोलत होते. आज कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांच्याशी धडधाकट माणसाशी बोलावं तसं बोललं होतं.

जेवणं झाली. कुणाचंच जेवणात लक्ष नव्हतं, तरी सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. मग आजींनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं आणि विषय काढला. धाकट्याचा गाळा, आणि दुकानात थोरलीने बसायचं. "चिमणे, तुझं काय म्हणणं?"

"मला काय, सगळे म्हणतील तसं."

"धाकटे?"

"सगळे म्हणतील तसं, आई."

"तुझं रे?"

"सगळे म्हणतील तसं," धाकटा म्हणाला आणि वहिनीकडे न बघण्यासाठी मिठाच्या भांड्याकडे बघू लागला.

"थोरले?"

थोरलीच्या तोंडात ते तीन शब्द आले होते. आयुष्यभर तयारच असायचे ते. ते म्हटले असते, तर उद्या सकाळी दुकान उघडताना ती काउंटरमागे असती, आणि कुणी तिच्यावर जुलूम केलाय असंही कुणाला म्हणता आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "मी दुकानात बसणार नाही. मला शेवटचं वर्ष पुरं करायचंय."

धाकटीने नवऱ्याचा गुडघा टेबलाखाली दाबला. थोरला ताटातल्या वाटाण्यांची रांग लावत होता. चिमणीने सगळ्यांचे चेहरे पाहिले. आता आईला सगळे मिळून बोलणार. आईला वाचवायला हवं.

"अहो, तो आईचा गृहपाठ आहे!" ती ओरडलीच. "विद्यापीठात दिलाय! घरातला नियम मोडायचा आणि काय होतं ते बघायचं. सकाळपासून चाललंय तिचं. ते चहाचं, शर्टाचं, सगळं प्रयोग होता!"

आणि काय सांगावं, घरात हशाच पिकला. धाकटा तर खुर्चीवरून पडायचा राहिला. "म्हणजे माझा शर्ट चांगला आहे!" धाकटी डोळे पुसत म्हणाली, "ताई, माझा जीव घेतलात हो! मी म्हटलं, आता घर फुटतंय." थोरल्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की पुढ्यातला कागदी रुमाल उडाला. सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांचं थोरलीवर एकदम प्रेम उतू आलं होतं.

"पोरी, पोरी," आजी म्हणाल्या. "मग उद्यापासून बसतेस ना काउंटरवर?"

हसणं इतकं छान होतं, की त्यात सामील होणं सगळ्यांत सोपं होतं. लेकीने तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. नुसतं आत यायचं होतं. चिमणी तिच्याकडे बघून हसत होती, आपण आईला वाचवलं म्हणून खूश होती. थोरलीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं.

"प्रयोग न्याहारीपुरता होता, आई," ती म्हणाली. "कप विसळले तेव्हाच संपला. आता म्हणाले ते खरं आहे. मला शिकायचंय. दुकानात नाही बसायचं."

हसणं एकेक करून थांबलं. शेवटी एकटा धाकटा हसत राहिला. मग तोही थांबला.

"आणि चहा?" आजींनी विचारलं.

"चहाही पाणचटच होता."

"आणि शर्ट?" धाकट्याने आशेने विचारलं. त्याच्या बायकोने त्याला चिमटा काढला.

आजींनी हातातला पेला टेबलावर ठेवला. आता त्या काय म्हणतील, याचा कुणालाच अंदाज येईना, आणि हे या टेबलावर आजवर कधी घडलं नव्हतं.

"मग मी बसते," आजी म्हणाल्या.

"कुठे?"

"काउंटरवर. आणि कुठे?"

एकच गलका झाला. आई, तुम्ही? आई, तुझं वय काय? आता आराम करायचा! शेवटचं वाक्य तर तिघांनी एकाच सुरात म्हटलं.

"मी कधी म्हटलं मला आराम करायचाय?" आजींचा आवाज चढला. "माणूस दारातून आत आलं की त्याच्या नाकावर कुठली फ्रेम बसेल ते मला कळायचं. गिऱ्हाईकं आरशात बघायच्या आधी माझ्याकडे बघायची. तुमचे बाबा गेले, तुम्ही मला याच खुर्चीत बसवून विचारलंत, आई, आता आराम करशील ना? मी म्हटलं, सगळे म्हणतील तसं. मला वाटलं, कुणीतरी 'नको' म्हणेल. आणि मेले सगळे तसंच म्हणाले!"

धाकट्याचे डोळे भरून आले. "आई, मला तो गाळा खूप हवाय गं," तो एकदम म्हणाला. "रोज स्वप्नात येतो माझ्या."

"मग आधी बोलायला काय झालं होतं, दातखिळी बसली होती?"

"मलाही हवाय," धाकटी म्हणाली. "आणि आई, चहा होताच पाणचट. मघाशी मी खोटं बोलले."

"ते मला मघाशीच कळलं."

चिमणीने हळूच आईचा हात धरला. "मला वाटलं, तुला ओरडतील सगळे," ती पुटपुटली. थोरलीने तिचा हात घट्ट दाबला. आजी मात्र कामाला लागल्या होत्या. जिना उतरताना कुणी तरी बरोबर हवं, काउंटरमागे उंच स्टूल नको, पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी; एकामागून एक हुकूम सुटत होते. मग त्यांना आठवलं.

"थोरल्याचं राहिलं. काय रे, तुझं काय म्हणणं?"

"मला काय," थोरल्याने सुरुवात केली, आणि सगळे एकदम त्याच्यावर असे ओरडले की तो दचकला. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"हिने शिकू नये, असं वाटतं मला," तो म्हणाला.

थोरलीने चिमणीचा हात सोडला.

"म्हणजे शिकावं. पण मला भीती वाटते." तो कुणाकडेच बघत नव्हता. "ती तिकडून येते, पुस्तकात डोकं घालते, स्वतःशीच हसते. कशाला हसली ते मला कळत नाही. एक दिवस हिला माझ्याशी बोलायला काही उरणारच नाही, असं वाटतं. मी काय बोलणार? आज काच तडकली, उद्या नाही तडकली. सकाळी हा म्हणाला, तू वेगळं निघायचं म्हणतेयस. खोटं वाटायला हवं होतं मला ते. नाही वाटलं."

एवढं एका दमात तो लग्न झाल्यापासून बोलला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "तिथे काहीही नवं कळलं ना, की मला पहिलं वाटतं, हे घरी जाऊन तुम्हाला सांगावं. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवत येते मी. आणि येऊन बघते तर तुम्ही मशीनवर मान घालून बसलेले. मग नाही सांगत."

"तू सांगशील आणि मला कळणार नाही, म्हणून तर मान घालून बसतो."

"मला तरी कुठे सगळं कळतं? नापास झालेय त्या पेपरात."

"मग त्याच पेपरचं सांग," तो म्हणाला. "आत्ता. इथेच."

ताटं आवरायला कुणी उठलं नाही. आजींनी खुर्ची जरा पुढे ओढली. थोरलीने समोरचं ताट बाजूला सारलं, टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि घसा साफ करून सुरुवात केली. घर रोज सकाळी नव्याने उभं राहतं ते कसं, इथपासून. तिचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत थोरल्याने हात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "हे मला कळलं नाही. पुन्हा सांग."